बाबांची पेन्शनची फाइल कंपनीने पंचावन्नाव्या वर्षीच उघडावी

ऐंशीच्या दशकात पीथमपूरला कारखाने उभे राहू लागले आणि इंदूरच्या मराठी घरांतली मुलं आयटीआय, डिप्लोमा करून तिकडे कामाला लागली. बजाज टेम्पो, कायनेटिक होंडा ही नावं पुण्याकडून आलेली, त्यामुळे घरच्यांनाही ती परकी वाटली नाहीत. महू नाक्यावर किंवा राजेंद्रनगरला कंपनीची बस पकडायची आणि तीन पाळ्यांभोवती घराचं वेळापत्रक बसवायचं, असं तीस-पस्तीस वर्षं चाललं. ती पिढी आता ५८ पूर्ण करते आहे. शाल-श्रीफळ, ग्रुप फोटो, घरी सत्यनारायण, सगळं यथासांग होतं. पेन्शन मात्र पुष्कळ घरांत वेळेवर सुरू होत नाही. अर्ज परत येतो, पुन्हा भरला जातो, पुन्हा परत येतो. कारण दर वेळी वेगळं सांगितलं जातं आणि बहुतेकदा ते पंधरा-वीस वर्षांपूर्वी कुणीतरी केलेल्या नोंदीत दडलेलं असतं.

यावर नेहमीचा सल्ला असा, की कामगारांनी जागरूक राहावं आणि मुलांनी वडिलांचं भविष्य निधीचं (पीएफचं) खातं पोर्टलवर अधूनमधून तपासावं. सल्ला वाईट नाही, पण त्यात ओझं भलत्याच्या डोक्यावर दिलेलं आहे. नोंद केली मालकाने, सांभाळली भविष्य निधी कार्यालयाने आणि चूक निघाली की चपला झिजवायच्या निवृत्त माणसाने. हे उलटं व्हायला हवं. कामगाराला ५५ वर्षं पूर्ण झाली की त्याच्या सगळ्या सेवेची नोंद मालकाने तपासावी, चुका दुरुस्त करून घ्याव्यात आणि भविष्य निधी कार्यालयाच्या शिक्क्यानिशी ती त्याच्या हातात द्यावी, असं कायद्याने बंधन हवं. एकदा शिक्का बसला की ५८व्या वर्षी त्याच नोंदीवर हरकत काढायचा अधिकार कुणालाही राहू नये.

ही मागणी जगावेगळी नाही. केंद्र सरकार स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी हेच करतं. १८ वर्षं सेवा झाली की एकदा आणि निवृत्तीला ५ वर्षं उरली की पुन्हा, अशी सेवेची पडताळणी पेन्शन नियमांतच घातलेली आहे. निवृत्तीच्या साधारण वर्षभर आधी पेन्शनचे कागद तयार व्हायला लागतात आणि ते तयार करायचं काम कार्यालय प्रमुखाचं असतं, कर्मचाऱ्याचं नव्हे. एकाच घरातला थोरला भाऊ टपाल खात्यातून निवृत्त होतो आणि धाकटा पीथमपूरहून. थोरल्याला दोन-चार ठिकाणी सह्या कराव्या लागतात. धाकट्याला आपण १९९५ सालीही त्याच कंपनीत होतो, हे सिद्ध करावं लागतं. दोघांची पेन्शन सारखी नसणार हे कुणीही मान्य करील. पण कागद जुळवण्याच्या बाबतीत एवढी तफावत कशासाठी, याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

ज्या रकमेसाठी हा सगळा खटाटोप चालतो, ती केवढी आहे तेही पाहायला हवं. कर्मचारी पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाली. मालक पगाराच्या १२ टक्के वर्गणी भरतो, त्यातले ८.३३ टक्के तिच्यात जातात, तेही ठरावीक पगारमर्यादेपर्यंतच. ही मर्यादा सुरुवातीला ५,००० रुपये होती, जून २००१ पासून ६,५०० झाली आणि १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० आहे. पगार चाळीस हजार असला तरी पेन्शनच्या खात्यात महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये पडतात. सूत्र सोपं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले पेन्शनपात्र सेवेची वर्षं, भागिले ७०. पगार धरायचा तो शेवटच्या ६० महिन्यांच्या सरासरीने, पण ऑगस्ट २०१४ पर्यंतच्या सेवेसाठी ६,५०० आणि पुढच्या सेवेसाठी १५,००० या मर्यादेत. योजना सुरू झाल्यापासून सलग सदस्य असलेला, पगार कायम मर्यादेच्या वर असलेला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ५८ पूर्ण केलेला कामगार घ्या. पहिल्या टप्प्याची सुमारे १८.८ वर्षं, त्यांचे १,७४६ रुपये. दुसऱ्या टप्प्याची ११.२ वर्षं, त्यांचे २,४०० रुपये. सेवा वीस वर्षांच्या वर असल्याने दोन वर्षांची भर मिळते. सगळं मिळून साडेचार हजारांच्या अलीकडे-पलीकडे. १९९५ पूर्वीच्या कुटुंब पेन्शन योजनेत जे होते त्यांना त्या काळाची थोडी रक्कम वेगळी मिळते. सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२२ च्या निकालानंतर ज्यांनी पूर्ण पगारावरच्या पेन्शनचा पर्याय दिला आणि तो मंजूर झाला, त्यांचा हिशेब निराळा.

या पेन्शनला महागाई भत्ता नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी साडेचार हजार असेल तर ऐंशीव्या वर्षीही साडेचार हजारच. किमान पेन्शन १ सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपये आहे आणि हजार रुपयांत आज महिन्याची रक्तदाबाची आणि साखरेची औषधंही निघत नाहीत. केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी १ एप्रिल २०२५ पासून आलेल्या एकीकृत पेन्शन योजनेत किमान रक्कम १०,००० आहे, शिवाय महागाईची भरपाई वेगळी. ही दरी बुजवायलाच हवी. पण त्याला तिजोरीतून पैसा लागेल, त्यावर समित्या बसतील आणि वर्षं जातील. नोंद तपासायला तिजोरी उघडावी लागत नाही. म्हणून आधी ते करून घ्या, असं म्हणणं आहे.

शिवाय रक्कम तुटपुंजी आहे म्हणूनच तिच्यात चूक परवडत नाही. २०१४ पूर्वीचं एक वर्ष नोंदीतून गळलं तर महिन्याला ९३ रुपये कमी, नंतरचं गळलं तर २१४ रुपये कमी, तेही तहहयात. नोंदलेली सेवा वीसच्या खाली घसरली तर दोन वर्षांची भरही जाते. दहाच्या खाली गेली तर मासिक पेन्शनच नाही. एकरकमी जे मिळेल ते घ्यायचं आणि मोकळं व्हायचं. तीन ठेकेदारांकडे मिळून चौदा वर्षं राबलेल्या माणसाच्या नोंदीत नऊच वर्षं दिसली तर त्याची पेन्शन अशी संपते.

चुका कुठे होतात ते या कामात असलेल्या कुणालाही तोंडपाठ असतं. पहिली नावाची. मराठी माणसाच्या नावात मधे वडिलांचं नाव असतं आणि ते कधी लिहिलं जातं, कधी नाही. इंदूरमध्ये त्यात हिंदीची भर पडते. टाइम ऑफिसच्या रजिस्टरमध्ये वसंतचा बसंत होतो, विश्वनाथला इंग्रजीत एके ठिकाणी एच असतो, दुसरीकडे नसतो, गजाननच्या मागे कुणीतरी आदराने राव जोडतं आणि पुढे ते राव आधारवर नसतं. आडनाव आधी की नंतर, यावरूनही दावा अडतो. माणसाला हा सगळा पोरखेळ वाटतो. संगणकाला मात्र ही दोन वेगळी माणसं वाटतात.

दुसरी चूक जन्मतारखेची. त्या पिढीच्या कितीतरी जणांची शाळेतली जन्मतारीख १ जुलै आहे, कारण हेडमास्तरांनी शाळा सुरू होताना सोयीची तारीख टाकली. आधार काढताना कुणी खरी तारीख सांगितली, कुणी नुसतं वर्ष सांगितलं. कंपनीत मार्कशीटवरची तारीख, आधारवर दुसरी, पॅनवर तिसरी. भविष्य निधी संघटनेने जानेवारी २०२४ मध्ये जन्मतारखेचा पुरावा म्हणून आधार स्वीकारणं थांबवलं. म्हणजे आता मार्कशीट किंवा जन्मदाखला लागतो आणि आधारवरची तारीख त्याच्याशी जुळवून घ्यावी लागते. आधारवर जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते. ती एक संधी कुणीतरी आधीच रेशनकार्ड किंवा पासपोर्टसाठी वापरून टाकलेली असते.

तिसरी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक सेवेच्या तारखांची. एप्रिल २०१२ पासून मालकांची मासिक विवरणपत्रं ऑनलाइन जाऊ लागली. त्याआधी दर वर्षी प्रत्येक कामगाराचा नमुना ३-ए आणि सगळ्या कारखान्याचा एकत्रित नमुना ६-ए कागदावर जात असे. कागदावरून संगणकावर उतरवताना रुजू होण्याची तारीखच बदलल्याची उदाहरणं आहेत. कंपनीचं नाव बदललं, दुसऱ्या कंपनीत विलीनीकरण झालं, नवा कोड क्रमांक आला, की कामगार त्याच यंत्रावर उभा असतो आणि नोंदीत मात्र तो एक नोकरी सोडून दुसरीत गेलेला असतो. जुन्या खात्यात सोडल्याची तारीख भरलेली नसते, किंवा नव्या खात्यातल्या रुजू तारखेच्या पुढची भरलेली असते. अशा आच्छादलेल्या तारखा दिसल्या की जुन्या सेवेचं हस्तांतरण अडतं. त्यातून रक्कम हस्तांतरित होऊनही सेवा हस्तांतरित झालेली नसते, हा प्रकार तर फारच फसवा. पासबुकात पैसे दिसतात, माणूस निर्धास्त राहतो आणि पेन्शन मोजताना मागची अकरा वर्षं नसतात.

ठेकेदारीतल्या माणसाचे हाल याहून अधिक. दर दोन-तीन वर्षांनी ठेकेदार बदलतो, काम तेच, गेट तेच, खाती मात्र नवी. कधी प्रत्येक ठेकेदाराने वेगळा यूएएन, म्हणजे खरं तर माणसागणिक एकच असायला हवा असा भविष्य निधीचा क्रमांक, काढलेला असतो. इंदूर कार्यालयाच्या एमपीआयएनडी या अक्षरांनी सुरू होणारे तीन-चार सदस्य क्रमांक आणि दोन यूएएन एकाच माणसाच्या नावावर निघतात. त्यातला एक ठेकेदार गावाला निघून गेलेला असतो. ठेकेदाराकडच्या कामगारांच्या वर्गणीची जबाबदारी कायद्याने शेवटी मुख्य मालकावर येते, पण ही गोष्ट कामगाराला सहसा कुणी सांगत नाही.

आणखी दोन चुका बारीक दिसतात, पण दावा अडवतात. एक, बिनपगारी दिवस. संप, ले-ऑफ, लांबलेली बिनपगारी रजा यांत वर्गणी नसते आणि ते दिवस पात्र सेवेतून वजा होतात. ते बरोबर वजा झाले की चुकून जास्त झाले, हे फक्त कंपनीच्या हजेरीवरून कळतं आणि ती हजेरी किती वर्षं जपून ठेवायची याबद्दल बहुतेक कंपन्या ढिल्या असतात. दुसरी चूक अठ्ठावन्नानंतरची. कंपनीत निवृत्तीचं वय ६० असलं तरी पेन्शन योजनेचं सदस्यत्व ५८ पूर्ण होताच थांबतं; तिथून मालकाचे पूर्ण १२ टक्के भविष्य निधीत जायला हवेत. पगाराचं सॉफ्टवेअर हे विसरतं आणि ८.३३ टक्के पेन्शन खात्यातच जात राहतात. मग ती रक्कम परत वळवल्याशिवाय दावा पुढे सरकत नाही आणि वळवायचं काम पुन्हा कंपनीकडे. नोकरी चालू असतानाही ५८ ला पेन्शन घेता येते, किंवा ६० पर्यंत थांबून दर वर्षामागे ४ टक्के वाढ घेता येते. कामगाराला या निवडीची खबर नसते, कारण ती सांगायचं कुणाचंच काम नाही.

या प्रत्येक चुकीला उपाय आहे, पण बहुतेक उपाय मालकाच्या डिजिटल सहीतून जातात. नाव, जन्मतारीख, रुजू तारीख, सोडल्याची तारीख यांसाठी संयुक्त घोषणापत्र भरायचं असतं. संयुक्त म्हणजे कामगाराची विनंती आणि मालकाची मान्यता. जानेवारी २०२५ पासून १ ऑक्टोबर २०१७ नंतर मिळालेल्या आधार-पडताळणी झालेल्या यूएएनधारकांना बऱ्याच दुरुस्त्या मालकाविना करता येतात. आज निवृत्त होणाऱ्यांचे यूएएन मात्र बहुतांशी त्याआधीचे. म्हणजे सवलत मिळाली ती तरुणांना आणि ज्यांना आज तिची निकड आहे त्यांना एचआरच्या दारात उभं राहावं लागतं. निवृत्तीनंतर एचआरमधला ओळखीचा माणूस बदललेला असतो, गेटपास मिळत नाही, फोन उचलला जात नाही. कामगार रोज त्याच गेटमधून आत जात असतो तेव्हा त्याला ही दुरुस्ती करून मिळणं सगळ्यात सोपं असतं. ५५ हे वय सुचवण्यामागे हेच कारण आहे. हाताशी तीन वर्षं असतात, त्याच्याबरोबर रुजू झालेले सुपरवायझर आणि टाइमकीपर अजून नोकरीत असतात. भविष्य निधी योजनेतही ५५ हे निवृत्तीचं वय म्हणून आधीपासून मानलेलं आहे. त्यानंतर निवृत्त होणाऱ्याला पूर्ण रक्कम काढता येते.

मालकांवर असं बंधन घालता येणार नाही असं कुणी म्हणालं तर ग्रॅच्युइटीकडे बोट दाखवावं. १९७२ च्या कायद्याच्या कलम ७ मध्ये स्पष्ट होतं, की कामगाराने अर्ज केलेला असो वा नसो, ग्रॅच्युइटी देय होताच मालकाने रक्कम ठरवून कामगाराला आणि नियंत्रण अधिकाऱ्याला कळवायची, ३० दिवसांत द्यायची आणि उशीर झाला तर व्याज भरायचं. हिशेबही कुणालाही जमेल असा: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. २६,००० रुपये आणि ३० वर्षं असतील तर साडेचार लाख. सहा महिन्यांहून जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरायचा. ग्रॅच्युइटीतही कटकटी होतात, मूळ पगार लहान ठेवून भत्ते फुगवण्याची चलाखी जुनी आहे. तरी मूळ तत्त्व तिथे नीट बसलेलं आहे: पैसा देणाऱ्याने हिशेब मांडायचा. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते तत्त्व कायम ठेवलं आहे. मग पेन्शनच्या बाबतीतच हिशेब घेणाऱ्याने का मांडायचा?

भविष्य निधी कार्यालयाची बाजूही आहे. दावा २० दिवसांत निकाली काढायचा, सबळ कारणाशिवाय उशीर झाला तर आयुक्ताच्या पगारातून १२ टक्के दंडव्याज वसूल करता येतं, असा नियम आहे. वाचायला जबरदस्त. पण तो सर्व बाबतींत पूर्ण असलेल्या दाव्याला लागू होतो. त्रुटी काढून दावा परत केला की घड्याळ शून्यावर येतं. एकेका फेरीत एकेक त्रुटी दाखवली तर वर्षभर नियम न मोडता पेन्शन अडकू शकते. सगळ्या हरकती एकदाच आणि निवृत्तीआधी काढायला लावणं हाच यावर तोडगा आहे.

कार्यालयाकडे 'प्रयास' नावाचा उपक्रमही आहे. मालकाने आधीच कागद आणि शेवटच्या महिन्याची वर्गणी पाठवली तर निवृत्तीच्या दिवशीच पेन्शनचा आदेश हातात मिळतो. हे प्रत्यक्षात घडतं, मोठ्या आणि नीटनेटक्या कंपन्यांत. पण तिथल्या कामगारांचे कागद बहुधा आधीच बरे असतात. जिथे गरज आहे तिथला मालक स्वखुशीच्या उपक्रमाकडे फिरकत नाही. काम होऊ शकतं हे 'प्रयास'ने दाखवलं, सक्तीशिवाय ते सगळीकडे पोचत नाही हेही त्यानेच दाखवलं.

लहान कारखानदार म्हणतील, आणखी एक कागद, आणखी एक इन्स्पेक्टर. तक्रार अगदीच पोकळ नाही. पण चारशे कामगारांच्या कारखान्यात वर्षाला पंचावन्नी गाठणारे दहा-पंधरा जण असतील. एकेकाची नोंद तपासायला एका कारकुनाचे दोन दिवस धरले तरी वर्षात फार तर महिनाभराचं काम होतं. विवरणपत्रं तर दर महिन्याला भरलीच जातात. नवीन माहिती गोळा करायची नाही, दिलेली माहिती बरोबर आहे का ते पाहायचं आहे.

'आता सगळं ऑनलाइन आहे, ज्याचं त्याने पाहावं' हे म्हणणारे मात्र पोर्टल स्वतःसाठी वापरणारे असतात, वडिलांसाठी नव्हे. बाबांचा आधारला जोडलेला मोबाइल नंबर चार वर्षांपूर्वीच बंद पडलेला असतो, किंवा यूएएनला पुण्या-बंगळुरूतल्या मुलाचा नंबर जोडलेला असतो आणि ओटीपी त्याच्या मीटिंगमध्ये वाजतो. ज्या घरात असा मुलगाही नाही, तिथे सायबर कॅफेवाला शंभर-दोनशे रुपये घेऊन अंदाजाने रकाने भरतो. तिथे झालेली एक चुकीची निवड पुन्हा दुरुस्तीच्या रांगेत नेऊन उभी करते.

कंपनी बंद पडली तर काय होतं, हे इंदूरला वेगळं सांगायला नको. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ ला बंद झाली. ५,८९५ कामगारांच्या थकबाकीचे सुमारे २२४ कोटी रुपये सुटले ते २५ डिसेंबर २०२३ ला. बत्तीस वर्षांत किती जण गेले आणि पैसे घ्यायला त्यांच्या बायका-मुलं आली, हे परदेशीपुरा आणि नंदानगरच्या गल्ल्यांना ठाऊक आहे. तिथला झगडा थकबाकीचा होता, नोंदींचा नव्हता. पण जी गोष्ट गेट बंद होण्याआधी लेखी हातात आलेली नसते तिच्यासाठी पुढे कोर्ट हाच रस्ता उरतो, एवढं त्यातून दिसतं. आज बंद पडणाऱ्या लहान युनिटमध्ये संघटनाही नसते. पंचावन्नाव्या वर्षी शिक्का बसलेली नोंद हातात असेल तर कंपनी पुढे बुडाली तरी मागची तीस वर्षं बुडत नाहीत.

कायदा बदलेपर्यंत घरच्यांना हातपाय हलवावेच लागतील आणि त्यात क्रम महत्त्वाचा. आधी मार्कशीट पाहून आधार दुरुस्त करा, मग पॅन, मग बँक खातं आणि सगळ्यात शेवटी यूएएन. उलट्या क्रमाने केलं तर तेच काम दोनदा करावं लागतं. मोबाइल बाबांचाच, त्यांच्या खिशातला जोडा. पासबुकात पेन्शनचा रकाना वेगळा असतो, तो मधेच शून्य झालेला नाही ना हे वर्षवार पाहा. पोर्टलवरचा सेवेचा इतिहास आणि नेमणूकपत्र शेजारी ठेवून तारखा ताडून घ्या. जुन्या पीएफच्या वार्षिक स्लिपा, पगाराच्या चिठ्ठ्या, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड यांतलं काहीही दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत घालू नका. बंद कंपनीतली सेवा सिद्ध करायला हेच कामी येतं. जिल्ह्याजिल्ह्यात महिन्याच्या २७ तारखेला भविष्य निधी कार्यालयाचं 'निधी आपके निकट' शिबिर असतं. प्रश्न लेखी घेऊन जा आणि पोचपावती घ्या.

आईचे कागद याच वेळी पाहा. पेन्शनच्या अर्जाला, म्हणजे नमुना १०-डी ला, नवरा-बायकोचा एकत्र फोटो लागतो आणि बाबांच्या पश्चात निम्मी पेन्शन तिला मिळायची असते. पण लग्नात तिचं पहिलं नावही बदललेलं असतं. मार्कशीटवर माहेरचं, आधारवर सासरचं, बँकेत आणखी तिसरंच. बाबांच्या हयातीत हे जुळवायला एक प्रतिज्ञापत्र आणि चार फेऱ्या पुरतात. नंतर तिला एकटीला तेच करावं लागतं, तेही तेराव्याच्या आत-बाहेर. लग्नाआधी आई-वडिलांच्या नावे केलेलं भविष्य निधीचं नामनिर्देशन लग्नानंतर रद्द ठरतं, हेही कितीतरी घरांत माहीत नसतं. बाबांनी १९८९ मध्ये आजोबांचं नाव घातलं आणि विषय संपला, असं गृहीत धरलेलं असतं.

पैसे ठेवण्याबद्दल थोडक्यात. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेला ६० वय लागतं असं सांगून पोस्टातून वा बँकेतून परत पाठवतात. ५५ ते ६० मधल्या निवृत्तांनाही निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडता येतं, मर्यादा ३० लाख. त्यासाठी निवृत्तीचं आणि मिळालेल्या रकमांचं प्रमाणपत्र कंपनीकडून लागतं. म्हणजे पुन्हा एचआर. निरोप समारंभाच्या आधीच ते मागून ठेवावं. कंपनीचा गट आरोग्य विमा शेवटच्या दिवशी संपतो आणि आयुष्मानचं ज्येष्ठांचं कार्ड ७० ला मिळतं. मधली बारा वर्षं उघडी. निवृत्तीपर्यंत ईएसआयमध्ये असलेल्या आणि किमान पाच वर्षं विमा असलेल्यांना वर्षाला १२० रुपये भरून नवरा-बायको दोघांना नंदानगरच्या रुग्णालयात उपचार चालू ठेवता येतात. हेही एचआरने सांगायचं असतं.

सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे आणि तिच्याखालचे नियम-योजना नव्याने लिहिल्या जाण्याचा हा काळ आहे. संघटनांनी, खासदारांनी, इंदूरच्या उद्योग मंडळांनीही यात एक कलम मागावं. वय ५५ पूर्ण होण्याच्या महिन्यात मालकाने सेवेचं विवरण द्यावं: नाव, जन्मतारीख, प्रत्येक सदस्य क्रमांक, रुजू व सोडल्याच्या तारखा, पेन्शन वर्गणीचे महिने, वजा केलेले दिवस आणि आजच्या नियमाने होणारी अंदाजे पेन्शन. भाषा कामगाराला वाचता येईल ती. हरकतीसाठी ६० दिवस. त्यानंतर सहा महिन्यांत दुरुस्ती आणि भविष्य निधी कार्यालयाचा शिक्का. ठेकेदाराच्या कामगारांसाठी हे मुख्य मालकाने करावं. बंद युनिटांच्या बाबतीत कार्यालयाने स्वतः, उपलब्ध ३-ए आणि ६-ए वरून. विवरण दिलं नाही तर पेन्शन सुरू व्हायला उशीर झालेल्या प्रत्येक महिन्याची रक्कम मालकाने स्वतःच्या खिशातून द्यावी, आणि ती पुढे कामगाराच्या पेन्शनमधून वळती करून घेता येऊ नये.